खिशातले दप्तर आणि टेबलावरचे दप्तर

संघटनेचे काम म्हणजे निम्मे चालणे आणि निम्मे लिहिणे, असे आम्ही नव्या कार्यकर्त्यांना सांगत असतो. चालणे लोकांना दिसते. लिहिणे दिसत नाही. परंतु शिरोलीच्या किंवा गोकुळ शिरगावच्या फौंड्रीतला एखादा कामगार कामावरून कमी होतो, तेव्हा त्याच्या बाजूने शेवटी भाषण उभे राहत नाही, कागद उभा राहतो. कोणत्या तारखेला, कोणत्या पाळीत, कोण कोणास काय म्हणाले, हे ज्याच्याजवळ लिहिलेले असेल त्याचे पारडे जड. आमचे शालेय शिक्षण दहावीपाशी थांबले. पुढचे जे काही शिकलो ते या कागदांनी शिकविले.

हा कागद पूर्वी खांद्यावरच्या पिशवीत असे. आता तो खिशातल्या यंत्रात आला आहे. सभेचा वृत्तांत, मागणीपत्राचा मसुदा, सोसायटीचा अर्ज, मुलीच्या लग्नाची यादी, सर्व काही आपण मोबाईलवर लिहितो, तेथेच दुरुस्त करतो आणि मग संगणकावर नेऊन छापतो. लिहिणे सोपे झाले. लिहिलेले ताब्यात ठेवणे मात्र तितके सोपे झालेले नाही. हा भेद ध्यानात न आल्यामुळे आमच्या हातून एक नुकसान झाले, आणि ते आमचे एकट्याचे नव्हते. म्हणून हा विषय आम्ही व्याख्यानासाठी घेतला. आम्ही यंत्रशास्त्रज्ञ नव्हे; ज्याला ठेच लागली आहे असा वाटसरू पुढच्याला दगड दाखवितो, तितकाच आमचा अधिकार.

खिशात मावणारे लिहिण्याचे यंत्र मोबाईलबरोबर आले, असा पुष्कळांचा समज आहे. तसे नाही. इंग्लंडातील सायन कंपनीने १९८४ साली 'ऑर्गनायझर' नावाचे छोटे यंत्र काढले होते. १९९३ साली अमेरिकेतील ॲपल कंपनीने 'न्यूटन' आणले. ते माणसाचे हस्ताक्षर वाचू पाहत असे, परंतु आरंभी त्याचे वाचन इतके चुके की त्याची थट्टाच झाली. नंतर जेफ हॉकिन्स नावाच्या गृहस्थाने निराळी वाट धरली. यंत्र तयार करण्यापूर्वी त्याने खिशात मावेल एवढा लाकडी ठोकळा करून घेतला आणि तो खिशात घालून हिंडू लागला. कोणी भेटीची वेळ ठरवू लागले की ठोकळा बाहेर काढावयाचा आणि त्यावर टिपून घेतल्याचा आव आणावयाचा. अशा रीतीने, यंत्र खिशात बाळगणे सोयीचे होईल काय, याची त्याने आधी परीक्षा केली. १९९६ साली ते यंत्र 'पायलट' या नावाने बाजारात आले आणि पुढे 'पाम' या नावाने जगभर गेले. न्यूटनची चूक टाळण्यासाठी त्याने उलटा नियम केला: यंत्राने माणसाचे अक्षर शिकावयाचे नाही, माणसानेच यंत्राचे अक्षर शिकावयाचे. प्रत्येक इंग्रजी अक्षरासाठी काडीने ओढावयाचा एकेक सोपा फटकारा ठरविलेला असे.

परंतु त्या यंत्राचे खरे मर्म याहून वेगळे होते. खिशातले यंत्र संगणकाची जागा घेणारे नव्हे, तर संगणकाचे सोबती आहे, अशी त्यामागची कल्पना होती. यंत्र एका बैठकीवर ठेवावयाचे आणि बटण दाबावयाचे, की खिशातले दप्तर आणि टेबलावरचे दप्तर यांचा मेळ बसे. या क्रियेला 'हॉटसिंक' म्हणत. 'डॉक्युमेंट्स टू गो' नावाचा प्रोग्रॅम घेतला, तर संगणकावर टाइप केलेले लेख आणि तक्तेही खिशात नेऊन दुरुस्त करता येत.

हा मेळ कसा बसे, ते समजून घेण्यासारखे आहे, कारण आजच्या मोबाईलमध्येही जवळपास तीच युक्ती चालते. प्रत्येक नोंदीला एक अदृश्य खूण असते. नोंद बदलली की खूण लागते. मेळ घालताना प्रोग्रॅम या खुणा पाहतो. नोंद एकाच बाजूला बदललेली असेल, तर ती दुसऱ्या बाजूला उतरवितो. दोन्ही बाजूंना बदललेली असेल, तर काय करावयाचे? येथे पामचा नियम मोठा समंजस होता. कोणते खरे हे यंत्र ठरवीत नसे. दोन्ही नोंदी जशाच्या तशा ठेवून निवाडा माणसावर सोपवी. दोन साक्षीदारांच्या जबान्या जुळल्या नाहीत, तर चांगला चौकशी अधिकारी दोन्ही लिहून घेतो, त्यातलाच हा प्रकार. आजचे सर्वच प्रोग्रॅम इतके सावध नसतात. काही ठिकाणी शेवटचा बदल आधीच्या बदलावर बसतो आणि आधीचा मजकूर दिसेनासा होतो.

त्या काळच्या बहुतेक खिशातल्या यंत्रांत एक मोठी उणीव होती. त्यांत लिहिलेले सारे विजेच्या आधारावर टिकून असे. सेल पूर्ण उतरले की थोड्याच अवधीत सगळी पाटी कोरी. वीज गेली तरी मजकूर राखणारी स्मृती या यंत्रांत सुमारे २००४ सालापासून येऊ लागली. मेळ घालण्याचे बटण हे त्यामुळे सोयीपुरते नव्हते. तोच मजकुराचा जीव होता. आम्हांस हे ठाऊक नव्हते.

२००३ सालची गोष्ट. पुण्यात नोकरीस असलेल्या एका नातलगाने आपले वापरलेले खिशातले यंत्र आम्हांस दिले. आम्ही हुरळून गेलो. त्याच सुमारास एका फौंड्रीतल्या मोल्डरवर रात्रपाळीत काम नाकारल्याचे आरोपपत्र आले आणि खातेअंतर्गत चौकशी लागली. कामगार तिला नुसते 'इन्क्वायरी' म्हणतात. त्याच्या बाजूने बोलावयाचे काम आमच्याकडे होते. गेटाबाहेरच्या चहाच्या गाड्यावर त्याच पाळीतल्या चौघांनी आम्हांस त्या रात्रीचा वृत्तांत सांगितला: भट्टी किती वाजता बंद पडली, फोरमन कोठे होता, कोणाचा हुकूम होता आणि तो कोणास दिला गेला. आम्ही ते सारे, वेळेसकट, त्या यंत्रात टिपले. संघटनेच्या कचेरीत संगणक होता. यंत्राची बैठक त्याला जोडून मजकूर उतरवून घेणे हे दहा मिनिटांचे काम. पण आम्ही म्हणालो, रविवारी करू. मग दुसऱ्या जिल्ह्यात मेळावे लागले. आठ दिवसांनी परत येऊन पाहतो तो सेल उतरलेले. नवे घातले. यंत्र सुरू झाले, आणि आमचे नाव विचारू लागले, जणू आजच जन्मले.

चौघांपैकी एक तोवर बिहारात गावी निघून गेला होता. दुसऱ्याने काम बदलले होते. उरलेले दोघे समोर यावयास कचरत होते, आणि त्यांना धीर देण्यासाठी त्यांचेच शब्द वाचून दाखवावेत, तर ते शब्द आमच्याजवळ नव्हते. फोरमनच्या उलटतपासणीत आम्ही वेळा सांगू लागलो आणि अडखळलो. शेजारी बसलेला तो कामगार हळूच म्हणाला, "आण्णा, तुमी तर सगळं लिवून घेतलं हुतं न्हवं?" त्याला उत्तर काय द्यावे? तो बडतर्फ झाला. कामगार न्यायालयात सहा वर्षे गेली आणि अखेर ठोक रकमेवर तडजोड झाली; पण कामावर तो परत गेला नाही. केवळ त्या टिपणांमुळे तो हरला असे आम्ही म्हणत नाही. परंतु ती असती, तर तो काय होता, हे आम्ही आजही खात्रीने सांगू शकत नाही. आणि हीच गोष्ट मनाला टोचते. यंत्राचा यात दोष नव्हता. ते जसे बनले होते तसेच वागले. दोष रविवारची वाट पाहणाऱ्याचा.

यावरून पहिला धडा असा, की मजकूर एकाच ठिकाणी असेल, तर तो आहे असे समजू नये.

कागदाच्या अभिमान्यांनी येथे खूष होण्याचे कारण नाही. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पंचगंगेचे पाणी शाहूपुरीत शिरले, तेव्हा आमच्या एका स्नेही संघटनेच्या तळमजल्यावरील वह्या तीन दिवस पाण्यात होत्या. शाई पसरून पाने एकमेकांना चिकटली. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पाणी आले. वही असो की यंत्र, एकुलती एक प्रत ही धोक्यातच असते. अंतर इतकेच, की वहीची नक्कल करावयास रात्र लागते आणि यंत्रातल्या मजकुराची नक्कल होण्यास क्षण पुरतो. मग ती न करण्यास सबब कोणती?

आता दुसरी अडचण, आपल्या भाषेची. त्या जुन्या यंत्रावर आम्ही मराठी लिहीत होतो ते इंग्रजी अक्षरांत. देशी भाषांना सामावून घेणारे खिशातले यंत्र करण्याचा एक प्रामाणिक प्रयत्न शेजारच्या बेंगळुरूत झाला. तेथील भारतीय विज्ञान संस्थेतील प्राध्यापकांनी इतरांच्या सहकार्याने 'सिम्प्युटर' नावाचे यंत्र तयार केले. २००१ मध्ये त्याचा नमुना जगापुढे आला आणि २००४ मध्ये ते विक्रीस निघाले. ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही ते वापरता यावे, असा हेतू होता. अपेक्षेइतके ते खपले नाही आणि पुढे मोबाईलच्या लाटेत मागे पडले. पण खेड्यातल्या माणसाचा विचार करून यंत्र बनविता येते, हे त्याने दाखविले.

संगणकावर मराठी होतीच. परंतु ती कशी होती, हे पाहिले पाहिजे. संगणकाला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. प्रत्येक अक्षराला एक क्रमांक असतो. पूर्वीच्या मराठी फाँटांत पुष्कळदा अशी युक्ती असे, की क्रमांक इंग्रजी अक्षराचा आणि चित्र मात्र मराठी अक्षराचे. म्हणजे इंग्रजी अक्षराने मराठीचे सोंग घेतलेले. तो फाँट ज्या संगणकावर असेल, तेथे सोंग उत्तम वठे. फाइल दुसऱ्या संगणकावर किंवा मोबाईलवर नेली की सोंग गळून पडे आणि खाली निरर्थक रोमन अक्षरांची रांग दिसे. डीटीपीच्या दुकानातून पेनड्राइव्हवर आणलेले मागणीपत्र आम्ही एकदा वाटाघाटीच्या टेबलावर मोबाईलमध्ये उघडले, तेव्हा असाच देखावा झाला. समोरचे अधिकारी सभ्य होते. ते हसले नाहीत. पण त्या दिवशी चर्चा त्यांच्या प्रतीवरून झाली, आमच्या नव्हे.

यावर उपाय फार आधीच निघाला होता. १९९१ साली भारतीय मानक संस्थेने आपल्या लिप्यांसाठी 'इस्की' नावाची क्रमांकयोजना प्रमाण म्हणून स्वीकारली. त्याच वर्षी जगातील सर्व लिप्यांना सामावून घेऊ पाहणाऱ्या 'युनिकोड' या योजनेची पहिली आवृत्ती निघाली आणि तीत देवनागरीला स्वतःच्या १२८ जागा मिळाल्या. या जागांची मांडणी इस्कीच्याच धर्तीवर केलेली आहे. युनिकोडमध्ये 'क' हा सर्वत्र 'क'च असतो, मग यंत्र कोल्हापुरातले असो की कॅनडातले. म्हणून नियम सोपा आहे: जे टिकावयाचे, ते युनिकोडमध्ये लिहावे. जुन्या फाँटातल्या फाइली बदलून देणारे प्रोग्रॅम आहेत; त्यांचा उपयोग करावा, मात्र नंतर मजकूर डोळ्यांखालून घालावा. जुन्या फाँटात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी नोंदलेली असते, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते; त्यामुळे बदल करताना वेलांट्या, रफार आणि जोडाक्षरे यांतच चुका राहतात.

युनिकोडमध्येही एक बारीक खोच आहे. 'कर्मचाऱ्यांना' या शब्दातले 'ऱ्या' दोन रीतींनी लिहिता येते आणि पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात. त्यांमागचे क्रमांक मात्र निराळे असतात. मोबाईलच्या कळफलकाने एक रीत वापरली आणि संगणकाने दुसरी, तर शंभर पानांच्या फाइलीत 'कर्मचाऱ्यांना' शोधल्यावर अर्धेच शब्द सापडण्याचा संभव असतो. आम्ही असे अर्धे कर्मचारी हरवून बसलो होतो! तेव्हा शोधताना 'कर्मचा' इतकाच भाग शोधावा, म्हणजे सर्व सापडतात.

साध्या निरोपाचेही असेच. मोबाईलच्या एका एसएमएसमध्ये इंग्रजी अक्षरांच्या १६० जागा असतात, देवनागरीच्या अवघ्या ७०. आणि काना, मात्रा, वेलांटी हीही त्यांत मोजली जातात. मराठीत सभेचे बोलावणे पाठविले की एका निरोपाचे दोन-तीन होतात, ते यामुळे. तरीही आम्ही मराठीतच पाठवितो. पण शब्द मोजून.

कोणी म्हणेल, फाइल आहे ना, मग कधी तरी वाचता येईलच. यावर आमच्याच गावचे उदाहरण पाहा. कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात मोडी कागदांचे रुमालच्या रुमाल आहेत. कागद शाबूत, शाई शाबूत; वाचणारे मात्र मोजके. २०२३ साली राज्यात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यांत मोडी वाचकांची शोधाशोध करावी लागली. एकेका कुटुंबाचा हक्क एका ओळीवर अवलंबून होता, आणि ती ओळ समोर असून वाचता येत नव्हती. मोडीची ही अवस्था व्हावयास काही पिढ्या लागल्या. संगणकाच्या फाइलीची तीच अवस्था व्हावयास दहा-पंधरा वर्षे पुरतात. यासाठी महत्त्वाच्या मजकुराची एक प्रत साध्या रूपात, म्हणजे निव्वळ अक्षरांची फाइल किंवा पीडीएफ करून ठेवावी. विशिष्ट प्रोग्रॅम बंद पडला तरी ती उघडता येते.

आता प्रत्यक्ष नेआण. मोबाईल वायरने संगणकाला जोडला, तर बहुतेक वेळा तो नुसता चार्ज होत राहतो; पडद्यावर येणाऱ्या सूचनेत 'फाइल ट्रान्सफर' निवडावे लागते, तेव्हा दार उघडते. व्हॉट्सॲपवर कागदाचा फोटो साधेपणाने पाठविला, तर तो आक्रसून जातो आणि बारीक अक्षर पुसट होते. तोच 'डॉक्युमेंट' म्हणून पाठविला तर जसाच्या तसा पोचतो. हजेरीपत्रक किंवा पगारपत्रक पाठविताना हे विसरू नये. फाइल 'हलवू' नये. आधी नक्कल करावी, संगणकावर ती उघडून पहिले व शेवटचे पान पाहावे, आणि मगच मोबाईलमधली काढावी. नाव देताना आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मग विषय असे द्यावे. म्हणजे फाइली आपोआप क्रमाने लागतात. 'शेवटचा मसुदा', 'अगदी शेवटचा मसुदा' असली नावे आम्हीही दिलेली आहेत, आणि त्यांतला खरा शेवटचा कोणता, यावरून कचेरीत वादही घातले आहेत. त्यानंतर आम्ही एक शिस्त लावली: एका वेळी लेखणी एकाच्या हाती. अध्यक्ष मोबाईलवर दुरुस्ती करीत असतील, तोवर चिटणिसांनी संगणकावरच्या प्रतीला हात लावावयाचा नाही.

मजकूर इंटरनेटवरच्या साठ्यात ठेवण्याची सोय हल्ली सर्वांच्या हाती आहे. ती वापरावी, पुरात ती उपयोगी पडते. परंतु तो साठा दुसऱ्याच्या मालकीचे गोदाम आहे, हे विसरू नये. शेतकरी आपला गूळ मार्केट यार्डात अडत्याच्या गाळ्यावर उतरवितो, तेव्हा वजनाची पट्टी घेतल्यावाचून माघारी फिरत नाही. तसेच येथेही आपली एक प्रत आपल्याजवळ असावी.

हा प्रश्न किती थेट पोटाशी येऊन भिडतो, हे अंगणवाडी सेविकांनी दाखवून दिले. ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रात ठिकठिकाणी त्यांनी शासनाने दिलेले मोबाईल परत करण्याचे आंदोलन केले. मोबाईल निकृष्ट आहेत, वारंवार बिघडतात आणि 'पोषण ट्रॅकर' हे ॲप मराठीत नाही, या त्यांच्या तक्रारी होत्या. त्यांना यंत्राचे वावडे आहे, असे काहींनी म्हटले. आम्हांस तसे वाटत नाही. ज्या यंत्रात आपले काम आपल्या भाषेत लिहिता येत नाही, त्यातल्या नोंदीवर कामाचा हिशेब लावू नका, एवढेच त्यांचे म्हणणे होते. आणि ते कोणत्याही कारकुनाने, दुकानदाराने किंवा शिक्षकाने मान्य करावे असे आहे.

कायद्यानेही या नोंदींना आता वजन दिले आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम अमलात आला. त्याच्या कलम ६३ प्रमाणे मोबाईल वा संगणकातला मजकूर पुरावा म्हणून दाखल करताना त्यासोबत प्रमाणपत्र द्यावे लागते, आणि त्यात त्या फाइलीचा 'हॅश' नावाचा आकडा नमूद करावयाचा असतो. हा आकडा म्हणजे फाइलीच्या अंगठ्याचा ठसा समजा; मजकुरात एक स्वल्पविराम बदलला तरी तो बदलतो. म्हणून जिचा पुढे पुरावा होऊ शकेल, अशी मूळ फाइल कधीही दुरुस्त करू नये. ती तशीच ठेवून तिच्या नकलेवर काम करावे. ज्या मोबाईलमध्ये ती तयार झाली, तो जपून ठेवावा. घाईने विकू नये.

आमची पद्धत आज अशी आहे. साक्षीदाराचे बोलणे प्रथम वहीत लिहितो. त्याच्यासमोर मोबाईल धरल्यास तो बिचकतो. त्याच दिवशी ते मोबाईलवर युनिकोडमध्ये उतरवितो, त्यास वाचून दाखवितो, आणि रात्री झोपण्यापूर्वी संगणकावर नेऊन एक प्रत दुसऱ्या गावच्या सहकाऱ्यास पाठवितो. रविवारची वाट पाहत नाही.

श्रोत्यांपैकी पुष्कळांच्या मोबाईलमध्ये या क्षणी एखादा तरी मजकूर असा असेल, की ज्याची दुसरी प्रत कोठेही नाही: आईने सांगितलेला जमिनीचा तपशील, आजोबांच्या आठवणी, सोसायटीचा ठराव. घरी गेल्यावर त्याची एक नक्कल संगणकावर किंवा विश्वासू माणसाकडे पाठवावी आणि ती तेथे उघडते की नाही, हे विचारून घ्यावे. यास दहा मिनिटे लागतील. ती दहा मिनिटे २००३ साली आम्ही दिली नाहीत. आपण ती आजच द्यावीत, एवढीच विनंती.